‘पांढरी धूळ’ या गाण्याचा वारस

मी, लांबर्ट क्युपर्स, वय एकाहत्तर, धंदा गाणं, राहणार काल्क, कोलोन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. घरच्या घरी केलेलं मृत्युपत्र टाइप केलं तर कायदा मानत नाही, सगळं स्वतःच्या अक्षरात लागतं. बरंच झालं. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. एकाने आणून पाहिलं, म्हणूनच आज लिहायला बसलो.

तो एक म्हणजे माझा धाकटा भाऊ हेरिबर्ट, इथल्या कार्निव्हल मंडळाचा अध्यक्ष. परवा दवाखान्यात द्राक्षं घेऊन आला आणि म्हणाला, “तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या अंत्यविधीला आमचा अख्खा बँड आणतो. ‘पांढरी धूळ’ वाजवू. सगळी स्मशानभूमी डोलेल बघ!”

मला बायको नाही, मूल नाही. आईवडील गेले. काही न लिहिता मेलो तर त्या गाण्यासकट सगळं हेरिबर्टच्या घशात जाईल. ते मी होऊ देणार नाही.

कलम १. घर भाड्याचं आहे, ते मालकाला परत. स्वयंपाकघराचं दार त्याने शोधू नये. त्याचा केव्हाच स्पीकरचा खोका झाला.

कलम २. बँकेत आहे ते मला पुरायला पुरेल. उरलंच तर कोपऱ्यावरच्या बारमध्ये माझ्या नावाने बिअर प्यावी. बँडवाल्यांना थेंबही देऊ नये.

कलम ३. स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि सगळ्या रेकॉर्डी ऑस्बर्न पिनॉकला. हा मूळचा जमैकाचा, ब्रिटिश फौजेचा ट्रक चालवत इथे आला आणि इथलाच झाला. चाळीस वर्षं माझ्यामागे बास गिटार वाजवली. मी गातो ते रेगे, म्हणजे त्याच्याच बेटावरचं संगीत, आणि सुरुवातीला मी तिथलाच हेल काढून गायचो. एकदा तालमीत त्याने गिटार खाली ठेवली.

“कुणाचा आवाज काढतोयस रे हा?”

“रेगेचा.”

“माझ्या आजीचा काढतोयस, आणि तोही भिकार. तुझा बाप कुठल्या भाषेत खोकायचा?”

मी घरी जाऊन काल्कच्या बोलीत ‘पांढरी धूळ’ लिहिलं. बाबा रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात अॅस्बेस्टॉस फवारायचे. त्याची पांढरी धूळ फुप्फुसात बसली, बावन्नाव्या वर्षी गुदमरून गेले आणि कारखान्याने एक पुष्पचक्र पाठवलं. गाण्यात एवढंच आहे. पण ते संपकऱ्यांनी फाटकासमोर गायलं, विधवांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर गायलं. माझी गायकी म्हणाल तर ती एवढीच.

कलम ४. रेडिओवाल्यांना काही नाही. दर जूनमध्ये फोन करायचे, “ऊन पडलंय, लांबर्ट, समुद्रकिनाऱ्याचं काहीतरी गा ना!” माझ्या एकाही गाण्यात समुद्रकिनारा नाही. रेगे म्हणजे नारळाचं पाणी असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्यावर मृत्युलेखही लिहू नये.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. हेरिबर्टने ‘पांढरी धूळ’च्या चालीवर नवे शब्द बसवले. धुळीच्या जागी रंगीत कागदाचे कपटे घातले आणि मंडळाच्या जलशात स्वतः गायला. मागे चार जण जमैकावाल्यांचं सोंग म्हणून लोकरीच्या जटा लावून, तोंडाला तपकिरी रंग फासून नाचत होते. मी आईला घेऊन गेलो होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. अशा गाण्याला लांब टेबलावरचे सगळे शेजाऱ्याच्या कोपरात कोपर अडकवून डोलतात, त्यातून सुटका नाही. आईला एका बाजूने खाटकाने धरलं, दुसऱ्या बाजूने औषधवाल्याच्या बायकोने. माझी ऐंशी वर्षांची आई स्वतःच्या नवऱ्याच्या मरणावर डावीकडे-उजवीकडे झुलत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून ओरडलो, “बंद करा! हे माझ्या बापाच्या मरणाचं गाणं आहे!”

बँडने टाडा, टाडा, टाडा वाजवलं. विनोद झाला की तिथे असंच वाजवतात. लोकांनी टाळ्या पिटल्या, कोणीतरी माझ्या हातात ग्लास दिला. हेरिबर्ट माइकवर म्हणाला, “बघा, आमच्या घरात सगळेच विनोदी!”

ट्राममध्ये आईने विचारलं, “लांबर्ट, ते आपल्या बाबांचंच होतं ना रे?” मी हो म्हणालो. मी हे विसरलेलो नाही आणि माफही केलेलं नाही.

सबब ‘पांढरी धूळ’चे शब्द, चाल आणि सर्व हक्क मी ऑस्बर्नची मुलगी कोरीन हिला देतो. ती ट्राम चालवते आणि बास गिटार बापापेक्षा चांगली वाजवते. (ऑस्बर्न मागे उभा राहून वाचतो आहे. “हे खोड.” “नाही खोडत.” “मग ‘किंचित’ तरी घाल!” घालत नाही.) गाणं कोणीही फुकट गावं. पण शब्द बदलले किंवा जटांचे टोप चढवले, तर कोरीनने थेट कोर्टात खेचावं. भावाला इथे सक्तीचा वाटा नसतो, हे मी वकिलाकडून पक्कं करून घेतलं आहे.

कलम ६. अंत्यविधीला बँड नको, मंडळाच्या टोप्या नकोत. हेरिबर्टने भाऊ म्हणून यावं, अध्यक्ष म्हणून आला तर फाटकावरूनच परत पाठवावं.

कलम ७. हेरिबर्टला वस्तू म्हणून काही नाही. हे एवढं त्याला मोठ्याने वाचून दाखवावं: मूर्खा, माझ्या फुप्फुसात डॉक्टरांना बाबांचीच धूळ सापडली. मी त्या कारखान्यात एक दिवसही काम केलेलं नाही. संध्याकाळी आई खिडकीतून बाबांचा डगला झटकायची, तेव्हा खाली अंगणात आपण दोघं तोंड वर करून उभे असायचो. तू माझ्या खांद्यावर असायचास. उद्याच्या उद्या जाऊन छाती तपासून घे.

हे सर्व मी पुन्हा वाचलं, पटलं, म्हणून सही करतो. साक्षीदार कायद्याला लागत नाहीत, मला लागतात.

लांबर्ट क्युपर्स (सही)

साक्षीदार: ऑस्बर्न पिनॉक (सही), नेव्हिन आयदेमिर, शेजारीण (सही)

काल्क, कोलोन, ११ नोव्हेंबर. खाली रस्त्यावर कार्निव्हलचा हंगाम सुरू झाला आहे.