सोपटाची वेणी

जळगाव, २ ऑगस्ट २०२५

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे पत्र. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा होऊन मला आठ वर्षं झाली. आता दोन वर्षांची पदवी केली तर पुढे पोरींना नर्सिंग शिकवता येईल. माझं हे जुनं वेड तुम्हाला माहीत आहेच. दोन ठिकाणी नंबर लागलाय. एक कॉलेज इथलंच. हजेरीचं ते सांभाळून घेतात, घर आणि ड्यूटी दोन्ही चालू राहतं. दुसरं धुळ्याला. तिथे रोज वॉर्डात उभं राहायचं आणि होस्टेलवर राहायचं. मी इथलंच घेणार आहे. सहा वर्षांच्या भूमिकाला तुमच्याकडे रावेरला ठेवलं, तरी तिच्या दोन वेण्या कोण घालणार? आईंची बोटं वाताने आखडलेली, आणि तुमच्या लेकाला, नीलेशला, स्वतःचा भांग पाडता येत नाही.

लोभ आहेच, नातीचे लाड करून उरला तर इकडे धाडावा.

आपली सून,
हेमांगी

रावेर, ९ ऑगस्ट

चि. सौ. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

मुलगी द्यायची तर स्थळ बघावं लागतं, म्हणून दोन्ही कॉलेजं बघून आलो. तुझ्या जवळच्या स्थळी चहा-बिस्किटं उत्तम. पेशंट दाखवा म्हटलं, तर खाटेवरचा रबरी बाहुला दाखवला. त्याच्या अंगावरचं कारखान्याचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आपण केळीच्या घडाला पिशवी घालतो, पण घड काढताना ती उतरवतो तरी.

धुळ्याला चहा सोड, पाणीही कुणी विचारलं नाही. वॉर्ड गच्च. मी दमून एका पेशंटच्या खाटेवर टेकलो, तर तुझ्याहून लहान पोरीने अहिराणीत दटावून उठवलं, हात धुवायला लावले आणि माझा चेहरा बघून बीपी मोजलं. वाढलेलं निघालं. तुझ्या सासूला सांगू नकोस. मला हे स्थळ पसंत आहे.

वेणीचं मी बघतो. चिंता नसावी, मीठ कमी केलंय.

पितांबर

जळगाव, १३ ऑगस्ट

ती. आबांना,
शि. सा. न.

बीपीची गोळी सुरू केली का, ते खरं कळवा. बाहुल्याचं वाचून आधी हसले, मग लाज वाटली. ते प्लास्टिक मला आधीच दिसलं होतं, आबा. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

पण वेणीचं तुम्ही बघता म्हणजे काय? तो केळीचा घड नाही, पोरीचे केस आहेत. ओढले की ती रडते. फीची शेवटची तारीख बावीस. मी दोन्ही फॉर्म समोर घेऊन बसले आहे.

हेमांगी

रावेर, १८ ऑगस्ट

चि. सौ. हेमांगीस आशीर्वाद.

पाकिटात एक वेणी आहे, ती बघ. केळीच्या खोडाचं सोपट काढून, त्याच्या तीन पट्ट्या खुंटीला बांधून शिकलो. माल भरायला आलेले ट्रकवाले हसतात. तुझी सासू खाटेवरून हुकूम सोडते. बोटं आखडली, जीभ शाबूत आहे. पहिल्या अकरा वेण्या सुटल्या. ही बारावी. आधी तेल, मग विंचरणं, गुंता खालून सोडवायचा, हेही पाठ केलंय.

गोळी चालू आहे. आता तुझं कळव.

पितांबर

धुळे, ८ सप्टेंबर

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

नीलेशने भूमिकाचा शाळेत जातानाचा फोटो पाठवला. डावी वेणी कानाच्या वर, उजवी खांद्यावर. पोरगी मात्र हसते आहे. मी भरपूर रडले, मग वॉर्डात गेले. तुम्हाला दटावणारी पोरगी माझ्याच खोलीत राहते आणि तुमचं बीपी विचारते.

सोपटाची वेणी खाटेच्या दांड्याला बांधली आहे. पार वाळली, पण सुटलेली नाही. लोभ असाच घट्ट असावा.

तुमची मुलगी,
हेमांगी