चार नंबर प्रेसचा सेल

चिखली,
२६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय दाजी,

नमस्कार. तुम्ही, ताई, हर्षाली सगळे मजेत असाल. इकडे आम्हीही ठणठणीत आहोत. माझं पोट तेवढं धंद्यापेक्षा जोरात वाढतंय. पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुम्ही दोन शब्द बोलता आणि लगेच ताईकडे देता, म्हणून लिहायला बसलो.

दुकान छान चाललंय. मी नेमकं काय करतो हे बायकोला अजून पाहुण्यांना धड सांगता येत नाही. "भंगाराचंच, पण चांगलं," असं सांगून मोकळी होते. तिचं तसं चूक नाही. चाकणमधल्या कितीतरी मशिनी अजून अशा कंट्रोल कार्डांवर चालतात, जी बनवणं कधीच बंद झालंय. कार्ड गेलं की नवं मिळत नाही, मशीन तर उद्याच चालू पाहिजे. मग माझा फोन वाजतो. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं उठल्यापासून जरा लांब हिंडावं लागतं, पण हिंडायला मला आवडतं. बंद पडलेल्या कारखान्यात टॉर्च घेऊन शिरलो की मी घरदार विसरतो.

गेल्या महिन्यात आपल्या जुन्या कंपनीतून फोन आला. चार नंबरची प्रेस. तीच. तिचं एक इनपुट कार्ड गेलं होतं आणि ते कुठेच मिळत नव्हतं. मी तीन आठवडे शोधलं. राजकोटच्या एकाने फोटो पाठवला, तो भलत्याच कार्डाचा निघाला. दुसरं मिळालं ते आतून जळलेलं. शेवटी इचलकरंजीच्या एका बंद सूतगिरणीत, पॅनेलमधल्या उंदराच्या बिळाशेजारी, हवं ते कार्ड सापडलं. तिथल्या वॉचमनसमोर मी चक्क नाचलो. दुकानात आणून साफ केलं, चार दिवस टेबलावर चालवून पाहिलं. कार्डावरचे दिवे ओळीने लागले तेव्हा तुमची आठवण आली. हा आनंद मला तुम्हीच शिकवलात.

कार्ड बसवायला स्वतः गेलो. मेन बंद केला, पॅनेल उघडलं. मेंटेनन्सचा भैरू म्हणून एक जण शेजारी उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, सेलला हात लावू नका, ज्योतीराम होईल."

म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने मलाच शिकवलं. मेन बंद असला की या जुन्या मशिनीचा प्रोग्राम नुसत्या एका सेलवर टिकून असतो, सेल निघाला तर सगळं पुसलं जातं. पूर्वी इथे कुणी ज्योतीराम होता, त्याने सेल सैल बसवला आणि प्रेस नऊ दिवस बंद पडली. तेव्हापासून इथे असंच म्हणतात. भैरूने तुम्हाला बघितलेलंही नाही. तेव्हा तो पाचवी-सहावीत असेल.

दाजी, आता इकडचं तिकडचं पुरे.

त्या खंडेनवमीला मेन बंद करून आपण सगळं खातं धुऊनपुसून काढत होतो. तुम्ही हार आणायला गेलात. जाताना मला पॅनेल बाहेरून पुसायला सांगितलंत. मी ते उघडलं. आत सगळीकडे धूळ. देवाच्या पूजेला मशीन आतून घाण कशी चालेल, असं मला वाटलं. मी सेल काढला, फडक्याने पुसला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि परत बसवला. भक्ती उतू चालली होती, अक्कल नव्हती. दसरा झाल्यावर मेन चालू केला तर प्रेस ढिम्म.

बाहेरून आलेल्या इंजिनिअरने तो सेल फेकून नवा टाकला. कुंकू कुणी बघितलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्हीच पुढे झालात. म्हणालात, "मागच्या महिन्यात सेल मीच बदललाय. माझ्याच हातून सैल राहिला असणार." मी तुमच्या मागे उभा होतो. नोकरीला चार महिने झाले होते, तीही तुम्हीच लावलेली. तोंड मात्र उघडलं नाही. तुम्हाला मशिनींवरून काढून स्टोअरला बसवलं. वर्षभरात तुम्ही राजीनामा दिलात आणि घोडेगावात पिठाची गिरणी टाकलीत.

परवा पॅनेलसमोर उभं राहून हे सगळं मी भैरूला आणि तिथल्या बाकीच्या तिघांना सांगितलं. भैरू आधी हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. नंतर मी कार्ड बसवलं. प्रेस चालू झाली. ते मला पुन्हा बोलावतील की नाही, माहीत नाही. पण तुमचं नाव आता तसं कुणी घेणार नाही. भैरूने शब्द दिलाय.

काल ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गिरणीची मोटार बिघडली तरी त्ये मंचरहून मिस्त्री बोलावत्यात. सोता हात लावत न्हाईत. तुला म्हाईत हुतं ना?"

माहीत होतं. दर भाऊबीजेला येऊन बघत होतो, आणि पोटभर जेवून परत जात होतो. याची मला लाज वाटते, दाजी.

माफी मागतोच आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. एक गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे, ती तुम्हाला कळायला हवी. तुम्ही बसवलेला तो सेल सैल नव्हता. इतका घट्ट होता, की तो काढताना माझं नख तुटलं होतं.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
आणि तुमच्या हाताला बोल लागू देऊन अठरा वर्षं गप्प बसलेला,
माऊली