रिकाम्या हाताने परतलेले प्रश्न

प्रिय बडबडे,

प्रथम तक्रार. मंगळवारी मी तुला चांगला चार ओळींचा निरोप पाठवला. त्यात दोन समास आणि एक विनोद होता. उत्तरादाखल तू एक अंगठा पाठवलास. पदवी मिळवूनही अंगठाबहाद्दर राहिलेली आपल्या घराण्यातली तू पहिलीच. आई असती तर म्हणाली असती, "तुमचे समास सोडवत बसण्यापेक्षा ते बरं." आई असती तर, अशी सुरू होणारी वाक्यं हल्ली मला फार सुचतात. ऐकायला घरात कुणी नसतं, म्हणून भांडी घासताना नळालाच ऐकवतो.

नोकरी बरी चाललीय. मुलं अभ्यासाचं काहीबाही शोधत आमच्या साइटवर येतात. त्यांना नेमका धडा सापडावा म्हणून धड्यांना शोधशब्द लावायचे, हे माझं काम. सुरुवातीला मी 'बाष्पीभवन', 'आर्द्रता', 'ऊर्ध्वगमन' असे भारदस्त शब्द लावले. धडे इतके सुरक्षित राहिले की कुणालाच सापडेनात. आमच्या मॅडम, म्हणजे तुझ्याहूनही लहान मुलगी, खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "काका, ऊर्ध्वगमन म्हणे! पोरं असं बोलतात का कुठे?" पोरं कशी बोलतात ते आठवायला मला तूच सापडलीस. शाळेच्या वाटेवर तू विचारायचीस, डबक्यातलं पाणी कुठे पळून जातं? तेच जसंच्या तसं लावलं, आणि तो धडा मुलांना सापडू लागला. मग चंद्र आपल्याच मागे का येतो, कांदा सगळ्यांना रडवतो तर स्वतः का रडत नाही, सगळं कामाला लावलं. तू आमच्याकडे बिनपगारी नोकरीला आहेस, हे कळवायचं राहिलं होतं. साठा मात्र संपत आलाय. मोठी झाल्यावर तू कुणाला काय विचारायचीस, ते मला माहीत नाही.

आता आणखी एक काम आलंय. ज्या शोधांना काहीच मिळालं नाही, ते वाचायचे आणि जवळचा धडा जोडून द्यायचा. परवा एक आला: 'नापास झालो, घरी कसं सांगू'. मॅडम म्हणाल्या, "हा अभ्यासातला नाही, काका. उडवून टाका." त्यांचं बरोबरच होतं, पण माझा हात होईना. घरात माणसं असताना ते पोर आमच्या यंत्राला विचारत होतं, आणि यंत्राने त्याला सांगितलं होतं, काहीही सापडलं नाही.

त्याच दुपारी तुला फोन केला. लागला नाही, म्हणून तुझ्या ऑफिसात केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "त्यांनी तर इथलं काम केव्हाच सोडलं." आणि रविवारी तू मला म्हणाली होतीस, "बाबा, ऑफिसच्या कामाचा ढीग पडलाय, नंतर बोलते." मी जाब विचारत नाहीये. नोकरी सोडलीस की गेली, हेही विचारत नाही. वर एवढं पाल्हाळ लावलं, पण लिहायचं होतं ते इतकंच: तू तिथे एकटी काहीतरी सोसते आहेस, आणि ते बाबांना सांगता येणार नाही असं तुला वाटतंय, याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
बाबा