ईर की ईर्से?

३ फेब्रुवारी
गेले! स्पॅनिशच्या वर्गाला गेले! साठी उलटलेली बाई बाकावर बसून क्रियापदं घोकतेय. लेकीला सांगितलं तर ती फोनवर किंचाळलीच. "आई, खरंच?" खरंच! कायमची ये म्हणालीस, मी हो म्हटलं. तुझ्या सासरी आपली भाषा कुणाला येत नाही, जूनमध्ये नातवंड येणार— त्याच्याशी काय हातवारे करून बोलू?
दुकान भाचा घेणार. चष्म्याचं दुकान, हे गेल्यापासून एकटीनं चालवलेलं. पोरगा हुशार आहे, चालवेल. ठरलं म्हणजे ठरलं.

६ फेब्रुवारी
मास्तरीण लेकीच्या वयाची, धाक मात्र सासूचा! शब्दांचे अर्थ सांगतच नाही. एकमेकांसारखे दोन शब्द एकेका जोडीला देते. पुढच्या वेळी फरक करून दाखवायचा, वाटेल त्या वस्तू आणायच्या. भाषांतराला बंदी.
माझे जोडीदार पाटीवाले. गावभर दुकानांच्या पाट्या रंगवतात. माझीही त्यांनीच रंगवलेली. इतक्या वर्षांत नमस्कारापलीकडे बोलणं नाही, आणि आता एका बाकावर! स्पॅनिश कशाला शिकताय म्हणून विचारलं. म्हणाले, "त्यांच्या एका अक्षराच्या डोक्यावर लाट असते. ती नीट काढायचीय."
घ्या! लाटेसाठी फी भरली या माणसानं.

१० फेब्रुवारी
आम्हाला आले वेर आणि मिरार. हे तर माझं पोटापाण्याचं काम! नंबर तपासायची फ्रेम घेऊन गेले, पाटीवाल्यांच्या नाकावर चढवली, भलतीच जाड भिंगं घातली. फळ्याकडे तोंड करून बसवलं. "मिरार?" "सी!" "वेर?" "काही म्हणजे काही नाही, बाई!" वर्ग खो खो. बघणं चालू, दिसणं बंद. झाला फरक!
घरी येताना एकटीच हसत होते. लोक काय म्हणाले असतील ते असो.

१७ फेब्रुवारी
साबेर आणि कोनोसेर. इंग्रजीतून विचार करणारे डोकं खाजवत बसले. आम्ही दोघं निवांत. माहीत असणं वेगळं, ओळख असणं वेगळं— हे आपल्याला कुणी शिकवायला हवं?
सेर-एस्तारनं मात्र दात घशात घातले. आपल्याकडे दोघांना मिळून एकच 'असणं'. ढोबळमानानं सेर म्हणजे मूळचा पिंड, एस्तार म्हणजे आत्ताची अवस्था. पाटीवाले जांभई देत होते, त्यांच्याकडे बोट दाखवून मी ठणकावून म्हटलं, "एल एस आबुरीदो!" म्हणायचं होतं कंटाळलेत, म्हणून बसले हा माणूस कंटाळवाणा आहे. एस्ता हवं होतं! पाटीवाले मान तिरकी करून, "बाई, हे कायमचं, की आजच्यापुरतं?"
हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

२ मार्च
भाच्यानं नव्या पाटीचं काम पाटीवाल्यांनाच दिलंय. साहजिक आहे. मला का खुपावं?

११ मार्च
नवी पाटी नाही. "हवा दमट आहे, रंग धरत नाही."

२९ मार्च
लख्ख ऊन. पाटी नाही. "ऊन फार आहे, रंग तडकेल." भाचा कपाळाला हात लावून बसला. "मावशी, हा माणूस पाटी रंगवतोय की लेणी खोदतोय?" मी हसू दाबलं. आनंद झाला, हे फक्त इथे लिहिते.

१४ एप्रिल
आज ईर आणि ईर्से. दोन्ही जाण्याचेच शब्द. पाटीवाले म्हणाले, आज मी दाखवतो, तुम्ही बसा.
रंगांची पेटी बाकावर ठेवली, टोपी ठेवली, आणि दाराबाहेर गेले. बाहेरून ओरडले, "ईर!" परत आले. मग टोपी घातली, फडकं घडी करून पेटीत टाकलं, पेटी उचलली. मला दिलेली पेन्सिलसुद्धा माझ्या हातातून काढून घेतली! "ईर्से." आणि दार लावून घेतलं.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण ते लगेच आत येईनात, बाक रिकामा, आणि मी दाराकडेच बघत राहिले. नाटक आहे हे कळत होतं, तरी!
आत आल्यावर मास्तरीण मला विचारते, "आणि तुम्ही मे महिन्यात काय करणार?" "ईर्से," म्हटलं. उच्चार छान झाला म्हणे.
उच्चाराला काय चाटायचंय.

२ मे
बांधाबांध. नंबर तपासायची फ्रेम बॅगेत घातली, काढली, पुन्हा घातली. भाच्याला लागेल की! काढली. लेकीकडे जायचा आनंद आहेच, ढीगभर आहे. पण दुकानाचं कुलूप दुसऱ्यानं उघडायचं, हे काही केल्या मनाला पटत नाही. लेकीला सांगायची हिंमत नाही. बिचारीनं माझी खोलीसुद्धा लावून ठेवलीय.

९ मे
उद्या विमान. पाटीवाले दुकानात आले. हातात लहानसं पार्सल, दोन कागदांत गुंडाळलेलं. "एवढं पोचवाल? पोचायची घाई नाही. तिकडे गेल्यावर वरचा कागद काढा, आत पत्ता आहे."
"तुमचं कोण आहे?"
"ओळख आहे. कोनोसेर."
म्हटलं पोचवीन, काळजी करू नका. येते म्हणाले मी, सवयीनं. ते म्हणाले, "या."
दारावर पाटी अजून माझीच.

१२ मे
पोचले! लेक केवढी गोल झालीय! विहीणबाई भराभरा बोलतात, मला निम्मं कळतं, दोघी पूर्ण हसतो.

४ जून
नात! नात! नात! नाक थेट ह्यांचं. डोळे उघडून माझ्याकडे नुसती बघते. मिरार चालू, वेर अजून बंद. जावई म्हणे, "आजीनं पहिला विनोद स्पॅनिशमध्ये केला."

११ जून
धांदलीत विसरलेच होते, पाटीवाल्यांचं पार्सल! आज वरचा कागद काढला.
पत्ता माझ्याच दुकानाचा. गल्ली, दुकान, माझं नाव, दारावरच्या पाटीवरच्याच अक्षरांत. नावाआधी रोमन अक्षरांत सेन्योरा, आणि त्यातल्या 'एन'वर ती लाट— काय सुरेख काढलीय!
लेक कधीची खांद्यावरून वाचत होती. मला बिलगली. मग म्हणाली, "कधीचं तिकीट काढू?"
म्हटलं, ही बसायला लागली की. पार्सल पोचवायचंय.