घंटा होईपर्यंत

ता. ११, मंगळवार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पडलंय आणि उत्तर आज जातंय, रागावू नकोस. लिहायला बसलोच नाही असं नाही. बसलो, लिहिलं आणि फाडलं, असं तीनदा झालं. का, ते पुढे येईल. माझं बरं आहे, काळजी नसावी. जावईबापूंची कंबर कशी आहे? छोटीला दात आला का? तिला सांग, आजोबांचं उलटं चाललंय, परवा एक पडला.

जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. शेजारचे मास्तर म्हणतात, तो तुमच्यासारखाच आहे, थपडा मारल्याशिवाय लागत नाही. मांजर अजून येते, पण हल्ली दारातच बसते. पूर्वी सरळ मांडीवर यायची. असो.

हॉस्पिटलातलं काम चालू आहे. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू किती हसली होतीस. "बाबा, तुम्ही आणि नाटक? तुम्हाला साधं खोटं बोलता येत नाही," म्हणालीस. ते खरंच होतं. पण आता येतं. तू स्वतः सर्जन, तुला या कामाची माहिती असेलच, तुमच्या हॉस्पिटलातही असे खोटे पेशंट असतील. सर्जन होऊ घातलेल्या पोरांना आधी आमच्यावर सोडतात. एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट. घंटा झाली की पोरं आत येतात, विचारतात, तपासतात. पुन्हा घंटा झाली की पुढच्या खोलीत. अगदी आपल्या बससारखं. फरक एवढाच की आयुष्यभर कंडक्टर म्हणून घंटेची दोरी माझ्या हातात होती, आता ती दुसऱ्या कोणाच्या हातात आहे आणि तो मला दिसत नाही.

खोलीत एक पलंग, एक बेसिन, हिरवा पडदा. छतात कॅमेरा. समोर काळी काच, तिच्यामागे परीक्षक बसतात. शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचं यावर संशोधन आहे. पोरं पेशंटचं किती ऐकून घेतात, कुठे मध्येच तोडतात, ते त्या टिपून ठेवतात. पुढे हीच पोरं खरी ऑपरेशनं करू लागली की त्यांच्या पेशंटचं काय होतं, तेही बघणार आहेत. चांगलं काम आहे. बाई फार हुशार. मला काका म्हणतात.

त्यांनी मला एक माणूस लिहून दिला. माझ्याच वयाचा, बायको गेलेली, एकुलती एक मुलगी लांब. उजव्या बरगडीखाली दुखतं, अन्नावर वासना नाही, कपडे सैल झालेत. उठताना तो उजव्या कुशीला हात लावतो. कोणी काही विचारलं की आधी "बरं आहे" म्हणतो आणि मग हळूहळू सांगतो. आणि घरी सांगितलंय का असं विचारलं, की म्हणायचं, "मुलगी लांब असते, तिला कशाला घोर." नियम एकच. घंटा होईपर्यंत त्या माणसातून बाहेर यायचं नाही. आग लागली तरच यायचं, असं बाई म्हणाल्या आणि हसल्या.

मी सातवीपर्यंत शिकलेला, पण पाठांतर पक्कं, तिकिटांचे दर झोपेतही सांगायचो. माणूस लगेच पाठ झाला. बाई म्हणाल्या, काका, तुमच्यासारखा आम्हाला मिळाला नव्हता. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

एकदा जिना चढताना मास्तरांनी विचारलं, "काय हो, कुशीला हात लावून कधीपासून चालता?"

मी म्हटलं, "तालीम करतोय."

"पायरीवर? इथे कोण बघतंय?"

मी हात काढला. दाराशी पोचलो तर हात पुन्हा तिथेच होता. मी ठेवलेला नव्हता.

मग एकेक लक्षात यायला लागलं. मी चहा साखरेचा पितो, तुला माहीत आहे, तुझी आई त्यावरून किती बोलायची. हल्ली कप समोर येतो तो बिनसाखरेचा. करणारा मीच, घरात दुसरं कोण आहे? त्या कागदातल्या माणसाला गोड चालत नाही. सकाळी उठतो तर गादीच्या डाव्या कडेला असतो, उजवी बाजू कोणासाठी तरी मोकळी सोडल्यासारखी. आणि पँटच्या पट्ट्याला मी नवं भोक पाडलंय. हे मात्र तालमीचं नाही.

गेल्या परीक्षेत एक मुलगी आली. उंच, किडकिडीत, हात गार असतील म्हणून आधी चोळून घेतले. बाकीची पोरं पोटावर हात फिरवतात ते नजर घड्याळावर ठेवून. हिने डोळे मिटले. बरगडीखाली बोटं गेली आणि तिथेच थांबली. पुन्हा दाबलं. तिचा चेहरा बदलला, चिऊ. तू लहानपणी अंधारात पायऱ्या संपल्या समजून पाय टाकायचीस आणि खाली अजून एक पायरी निघायची, तेव्हा तुझा व्हायचा तसा.

तिने काचेकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, हे त्यांनी तुम्हाला शिकवलंय का?"

माझ्या मनात होतं की नाही म्हणावं. तोंडातून आलं, "बरं आहे. दुखतं, पण फार नाही." शब्दन्‌शब्द कागदातला.

"तुम्ही घरी सांगितलंय का?"

"मुलगी लांब असते, तिला कशाला घोर."

घंटा झाली.

नंतर कळलं, तिला त्या खोलीत नापास केलं. कागदात लिहिलंय की पोट मऊ आहे, हाताला काही लागत नाही. तिने लिहिलं, गाठ लागते. परीक्षक म्हणाले, नसलेलं शोधणं हे न शोधण्यापेक्षा वाईट. तिच्यानंतर जेवढे आले तेवढ्यांनी तिथेच दाबलं, आणि कोणालाच काही लागलं नाही.

मी गप्प बसलो असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाई, मला खरंच दुखतं. त्यांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. मग म्हणाल्या, "काका, हे फार छान. हा थांबून बोलण्याचा भाग तर परीक्षेत घ्याच." मी म्हटलं, तसं नव्हे बाई. तर माझा हात कुशीला गेला, मान खाली गेली, आणि पुढचं वाक्य त्याचंच आलं. बाईंनी टाळी वाजवली. मी बाहेर आलो.

मग साध्या माणसासारखा रांगेत उभा राहून केसपेपर काढला. आतला डॉक्टर मागच्या वर्षी माझ्यावर शिकून गेलेला. बघितल्याबरोबर हसला. "काय काका, आज माझी परीक्षा?" आणि छताकडे कॅमेरा शोधायला लागला. मी जे जे सांगितलं ते त्याला पाठ होतं. मी अडखळलो तर पुढचं तोच म्हणायचा. पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाताना विचारलं, "जमलं ना मला? बाईंना सांगा."

त्या मुलीला शोधलं. ती रजेवर आहे म्हणतात.

आता खरं कारण. पुढच्या मंगळवारी नवी परीक्षा आहे, तोच माणूस, पुढचा भाग. कागद काल आला. या वेळी पोरांनी त्याला वाईट बातमी सांगायची आहे, नीट, समोर बसून, घाई न करता. एक आत येईल, सांगेल, जाईल. घंटा. दुसरा येईल आणि सांगेल. दिवसभर. मी प्रत्येकाला ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. कागदाच्या शेवटी लिहिलंय: पेशंट शांतपणे म्हणतो, मुलीला कळवू नका.

म्हणून पत्र. फोनवर तू "बाबा, कसे आहात?" म्हणतेस आणि मी तोंड उघडायच्या आत तोच उत्तर देतो. फाडलेली तीन पत्रंही तशीच झाली होती. सगळं बरं आहे, तुला घोर नको. अक्षर माझं होतं.

हे मीच लिहितोय याची खूण म्हणून एक सांगतो. तू पाच-सहा वर्षांची असताना मी तुला ड्यूटीवर नेलं होतं. मी स्टॉपवर उतरून एका म्हातारीचं गाठोडं चढवत होतो. तू दोरी ओढलीस, दोनदा. बस गेली. कंडक्टर रस्त्यावर, आणि गाडीत तू ऐटीत तिकिटं मागतेस. पुढच्या स्टॉपपर्यंत मी धावत आलो तेव्हा म्हणालीस, "बाबा, तुमचं तिकीट?" त्या कागदातल्या माणसाला हे माहीत नाही. त्याच्या मुलीचं काहीच लिहिलेलं नाही, ती फक्त लांब असते.

तू शिकत होतीस तेव्हा माझ्या सदऱ्याच्या गुंड्यांना दोरा बांधून टाक्यांच्या गाठी मारायचा सराव करायचीस. तुझी बोटं मला ओळखतात. मंगळवारच्या आत एकदा येऊन तू हात लावून बघ. काही नाही म्हणालीस तर मी हसेन आणि मंगळवारी झक्क काम करून दाखवेन. आहे म्हणालीस तर तेही तुझ्याच तोंडून ऐकेन, काचेसमोर नाही.

यायला जमणार नसेल तर निदान दोन ओळी टाक. फोन करू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचून पाहिलं. अगदी वरती "माझं बरं आहे, काळजी नसावी" असं लिहिलंय. ते मी लिहिलेलं नाही. खोडायला पेन उचललं तर हात कुशीलाच जातोय, म्हणून तसंच ठेवलंय. तू ते खोड. आणि चिऊ, लवकर कळव.