चढलेला घोडा आणि बारा क्विंटल कापूस

ता. दिग्रस, जि. यवतमाळ
१७ जानेवारी २००७

आदरणीय रामराव भाऊजींना देवरावचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे या थंडीत कसे आहेत? रुक्माअक्काची साखर उतरली का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मी ठीक नाही. दसऱ्यापासून माझं वजन सहा किलो उतरलं आहे. घरात कोणी भांडं पाडलं तर मी आधी जमिनीवर पालथा पडतो आणि मग कोणी पाडलं ते विचारतो.

कारण बाबांचं रिव्हॉल्व्हर. तुमचा सगळा जन्म पोलिसांच्या शस्त्रागारात गेला, तुम्हाला मी काय सांगणार? निकेलचा मुलामा दिलेलं, तोंड बघावं असं लख्ख, आणि घोडा (मागचा तो अंगठ्याने ओढायचा भाग) दर वेळी हाताने चढवल्याशिवाय न उडणारं. बाबा गेले तेव्हा धाकट्याने विहिरीकाठचं शेत घेतलं आणि हे माझ्या नावावर झालं. तेव्हा मला वाटलं होतं की मान मला मिळाला.

तुम्ही बजावलं होतं की मशीनचंच तेल घाल, तेही थेंबभर. पण शिवणयंत्राची बाटली संपली होती, म्हणून मी सरकीचं तेल घातलं. (आपल्या घरात भजी त्यात होतात, डोक्याला ते लागतं, दाराच्या बिजागरीला ते लागतं, मग रिव्हॉल्व्हरनेच काय पाप केलं होतं?) ते महिनाभरात आत डिंकासारखं झालं. शिवाय दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावून घासलं, तर मुलामा दोन जागी उडून आतलं काळं लोखंड दिसू लागलं. त्यावर पूजेची हळद, कुंकू, अक्षता. त्यातला एखादा तांदूळ आत कुठे जाऊन बसला, देव जाणे.

आता खरं सांगतो. बाबा दर दसऱ्याला दारात उभे राहून हवेत एक बार काढायचे आणि त्यानंतरच गाव सोनं वाटायला निघायचं, हे तुम्ही पाहिलं आहे. मी आठ वर्षांत एकदाही गोळी उडवलेली नाही. मी हात वर करतो, डोळे मिटतो, आणि इंदू गोठ्यामागे सुतळी बॉम्ब लावते. ही युक्ती माझी स्वतःची. गाव म्हणतं, देवराव बापावर गेला.

यंदा मात्र हमालांचा मुकादम धावजी पूजेला अगदी जवळ येऊन बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊ, गोळी त दिसूनच नाही राह्यली यात." बाबांच्या डब्यात पाच गोळ्या होत्या. त्यातली एक मी सगळ्यांसमोर भरली. लाज माणसाकडून काय काय करून घेते, भाऊजी. मग दारात गेलो, हात वर केला, ऐटीत घोडा चढवला आणि डोळे मिटले. बॉम्ब उडाला नाही. सादळला होता. साठ माणसं आभाळाकडे बघत उभी होती. थोड्या वेळाने म्हातारे खाकरले, बायका घरी गेल्या, आणि मी हात तसाच वर ठेवून घरात आलो.

घोडा उतरवायचा तर त्याला अंगठ्याने धरून चाप दाबावा लागतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. अंगठा घामाने निसटत होता. शेवटी देवाचं नाव घेऊन चाप दाबलाच, तर तो हलेना. तेल, हळद, तांदूळ. म्हणजे उद्या सुटेल की आत्ता सुटेल, काही सांगता येईना. हात गळून आला होता. कोपऱ्यात पहिल्या वेच्याचा कापूस होता, गुडघ्याएवढा ढीग. त्यात मी ते तान्ह्या मुलासारखं निजवलं आणि आडवा झालो. मला ताप भरला होता. चार दिवसांनी उठलो तर इंदूने दुसरा वेचा त्यावरच ओतलेला.

मग तिसरा. मग चौथा. भाव येईल, भाव येईल म्हणत सगळ्या गावाने कापूस घरातच भरला, तसा आम्हीही भरला. आता ढीग आढ्याला लागला आहे आणि आत कुठेतरी तो घोडा चढलेला आहे. नळी कुठे रोखलेली आहे तेही मला आठवत नाही. इंदू दुपारी त्याच ढिगाला टेकून तूर निवडते. मी तिला म्हणतो, उठ, अंग खाजेल. ती म्हणते, तुमाले आताच काहून माही एवढी काळजी? दसऱ्यापासून मी तिच्या आणि ढिगाच्या मधे बसतो आहे.

आणि आता रविवारी कापूस न्यायला मेटॅडोर येणार आहे. धावजी आणि त्याचे हमाल अनवाणी ढिगावर चढतील आणि तुडवून भरतील. धावजीने मला पेचात आणलं हे खरं, पण त्याने पाय गमवावा असं मला वाटत नाही. त्याला तीन लेकरं आहेत.

अक्काला नमस्कार. गुडघ्यांना निरगुडीचा पाला शेकावा.

तुमचा,
देवराव

ता. क. : जिल्हा परिषदेच्या निवडणुकीमुळे परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम आला आहे. तेव्हा गुडघ्यांचं काही असो, शनिवारी पहिल्या बसने या. ढिगात हात तुम्ही घाला, मी दारातून कंदील धरतो. इंदूला म्हणा, सहज आलो.

दुसरा ता. क. : भाऊजी, मी इंदूबाई. यायनं पाकीट चिकटवाले माह्याजवळ देल्लं, म्या वाचलं. बंदूक ढिगात नाही. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी म्या काहाडली, अन् माह्या लग्नाच्या शालूत गुंडाळून पेटीत ठेवली. गोळीचं भेव नका धरू. पाचही गोळ्यायची दारू मामाजीनं, यायच्या बाबानं, कधीचीच काहाडून टाकली होती. मामाजी बी लय भेत होते. त्यायच्या वक्ती बी गोठ्यामांगं बॉम्ब मीच लावत होती, लग्न होऊन आली त्या सालापासून. कोणाले सांगजो नको म्हणून देवाची आण घातली होती, म्हणून यायनं हेच काम सांगतलं तवा बी म्या चूप राह्यली.

यायले आताच नका सांगू. दसऱ्यापासून हे घरात मोठ्यानं बोलले नाहीत, अन् माह्याजवळ येऊन बसतात.

पण तुमी शनिवारी याच, अन् बंदूक ठाण्यात जमा केली का परत आणू नका. भाऊजी, मले फटाक्याचं लय भेव वाटते. लहानपणापासून वाटते. एकोणतीस दसरे झाले, मले कोणं विचारलंच नाही.