रात्रपाळीचे ग्लास

सीव्ह्यू हॉटेल,
टकर स्ट्रीट
जून, मंगळवार

प्रिय लिनो,

दर नाताळला एक कार्ड आणि त्यावर दोन ओळी, यापलीकडे आपण एकमेकांना कधी काही लिहिलं नाही. तेव्हा हे जाड पाकीट पाहून बिचकू नकोस. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. बातमी एवढीच, की सीव्ह्यू विकायला निघालंय. आमच्या किरेने सिडनीचं गिऱ्हाईक आणलंय आणि महिनाअखेर मी सही करायची आहे. सही झाली की दाराला कुलूप आणि किल्ली त्यांच्या हातात. करू की नको हे माझं ठरत नाहीये, आणि का ठरत नाहीये ते इथे कुणाला सांगायची सोय नाही. थोडंसं सांगितलं, तेवढ्यावरच पोराने मला डॉक्टरकडे नेऊन आणलं.

धंदा म्हणशील तर काही उरलेला नाही. दुपारी तिघे पेन्शनर येतात, एकेक ग्लास घेऊन टीव्हीवरच्या घोड्यांना शिव्या घालतात आणि जातात. शुक्रवारची मटणाची सोडत अजून चालू आहे, पण तिकिटं घेणारे इतके थोडे, की परवा एकाच माणसाला चॉप्सही लागले आणि सॉसेजही. नोरीनने त्याला ऐकवलं, "आता बायकोपण सोडतीतच मिळव, नाहीतर शिजवणार कोण?" नोरीन तुला माहीत नाही. तू उत्तरेला गेलास त्यानंतर ती आली. स्वयंपाकघर, बियरचे नळ, भांडणं, सगळं तीच बघते. समोरचा भट्ट्यांचा कारखाना चालू असताना इथे काय होतं ते मात्र तिने पाहिलेलं नाही.

गिऱ्हाइकाकडून एक बाई जागा बघायला आली होती. चालताना तिचे बूट आपल्या गालिच्याला चिकटायचे आणि सुटताना पच् पच् वाजायचे. सगळीकडे फिरून म्हणाली, "किती अस्सल वाटतं हो इथे!" आणि लगेच बोट दाखवत सुटली: हे फोडायचं, ते काढायचं, वर फ्लॅट, खाली कॉफी. ती गेल्यावर नोरीन मला म्हणते, "अस्सल आहे म्हणते, आणि मुतारीपासून छपरापर्यंत सगळं उपटणार. मग अस्सल उरणार काय, तू आणि मी?" खूप दिवसांनी मी पोट धरून हसले.

पण मनातून चरकले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं हे आपलं सीव्ह्यू. समुद्र बघायचा तर छपरावर चढावं लागतं, आणि तिथूनही आधी कोळशाचा ढीग दिसतो. गल्लीत अर्ध्या दुकानांना फळ्या ठोकल्यात. उरलेल्यात एक जण जुन्या बाबागाड्या विकतो, आणि दुसऱ्या एका दुकानात नक्की काय विकतात ते पोलिसांनाही विचारायचं नसतं. पांढरं धुणं वाळत घातलं की राखाडी होऊन घरात येतं. तरी मला ही गल्ली आवडते, लिनो. इथे कुणी कुणाला तू कुठला, असं विचारलं नाही, कारण सगळेच कुठलेतरी होते. तू मदेरा बेटावरचा, आम्ही बितोला गावचे, आणि हर्बी इथलाच असून सगळ्यांत परका वाटायचा. माझं इंग्रजी मी ह्याच काउंटरवर शिकले, म्हणून अजून त्यात निम्म्या शिव्या आहेत. किरे म्हणतो, "आई, पेनरिथला ये. मागच्या अंगणात तुझी वेगळी खोली बांधतो." पोरगं गुणाचं आहे. पण तिथे सकाळी सहाला उठून मी करू काय?

सहा म्हटलं की तुला आठवेल. रात्रपाळी सुटायच्या आधी माझा नवरा त्रायचे आणि मी ग्लास भरायला घ्यायचो. भोंगा झाला, की तुम्ही फाटकातून निघून रस्ता ओलांडेपर्यंत काउंटरवर रांग तयार. कुणी काही मागायचं नाही. ज्याची जागा ठरलेली, त्याचा ग्लास तिथे. त्रायचे बारचा मालक, पण आयुष्यात त्याने बियरचा थेंब चाखला नाही. तुम्ही पीत असताना तो आपली तुर्की कॉफी घेऊन कोपऱ्यात तुम्हाला बुद्धीच्या गोष्टी सांगायचा, आणि हर्बी त्याला म्हणायचा, "त्रायचे, तुझं ऐकलं की आणखी एक लागते."

नंतर ग्लास विसळताना कुठला कुणाचा ते मला बघताक्षणी कळायचं. दर घोटाला फेस खाली उतरतो आणि काचेवर एक कडं सोडून जातो. ज्याची जशी पिण्याची तऱ्हा, तशी त्याची कडी. हर्बीची तीन, रुंद. कोस्टा चिमणीसारखा चोच बुडवायचा, त्याचा ग्लास वरपासून खालपर्यंत रेघारेघांचा. डेसची दोनच, एक अगदी वर आणि एक तळाशी, कारण मधे तो श्वासच घ्यायचा नाही. बारमधल्या बाया हे असं ओळखतात, त्यात विशेष काही नाही. आईला नाही का न बघता कळत, कुठल्या पोराने पोळी अर्धी टाकली ते?

भट्ट्या बंद झाल्या तरी मी सहाला दार उघडणं सोडलं नाही. पहाटेचा परवाना वापरला नाही तर जातो, असं मी सांगायची. खरं कारण हर्बी. कोस्टा गेला, डेस गेला, तू उत्तरेला गेलास, सली म्हाताऱ्यांच्या आश्रमात पडला. हर्बी एकटा सहाच्या ठोक्याला यायचा, जणू आताच पाळी संपवून आलाय. मी त्याचा ग्लास आधीच भरून ठेवायची.

मार्चमध्ये हर्बी गेला. त्याला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने हात नळाकडे गेला. ग्लास भरला, त्याच्या जागेवर ठेवला, आणि मग लक्षात आलं. ओतून टाकवेना. तो तसाच ठेवून मी पाइप घेऊन बाहेर फुटपाथ धुवायला गेले. परत आले तर ग्लास रिकामा. आत तीन रुंद कडी, आणि फेस अजून काचेवरून ओघळत होता. दारात मीच उभी होते, लिनो. माझ्यासमोरून कुणी आत गेलं नव्हतं. मागचं दार आतून बंद होतं आणि नोरीन आठाशिवाय येत नाही. मी ओरडले वगैरे नाही. ग्लास विसळून पालथा घातला. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भरला. पुन्हा तीच तीन कडी. मग एके दिवशी धीर करून कोस्टाच्या जागेवर ठेवला, डेसच्या जागेवर ठेवला. पाठ फिरवली आणि दूध आत घेऊन आले. एक ग्लास रेघारेघांचा झाला होता, आणि दुसऱ्यात दोनच कडी, वर एक आणि तळाशी एक. तेव्हापासून रोज हे चालू आहे. धंदा असा, की गिऱ्हाईक वाढतंय आणि गल्ल्यात दमडी नाही.

हसून लिहितेय खरी, पण पुढचं ऐक. सहाच्या जरा आधी गल्लीतली सगळी कुत्री गप्प होतात आणि मग एकदम रडायला लागतात. भोंग्याला रडायची तशी. भोंगा भंगारात जाऊन किती वर्षं झाली! ही कुत्री तर त्यानंतर जन्मलेली. मग भट्ट्यांचा तो वास येतो, काडी विझवल्यासारखा, घशाच्या मागे बसणारा. पूर्वी आपण त्या वासाला किती शिव्या घालायचो. आता मी दार उघडून त्याची वाट बघते. एकदा त्रायचेसाठी कॉफी केली, त्याच्या लांब दांड्याच्या झेझव्यात, त्याच्या कपात, आणि कोपऱ्यात ठेवली. दुपारपर्यंत तिच्यावर तवंग धरला होता. रडू आलं, आणि रागही आला. जिवंतपणी कुठे वेळेवर आला नाही, आता कशाला येईल? मग वाटलं, तो रात्रपाळीचा नव्हताच. तो आपल्या झोपेत गेला, वरच्या खोलीत, माझ्या शेजारी. त्याला कुठून परत यायचं नसेल.

किरेला सांगितलं. तो बिचारा पहाटे गाडी हाणत आला आणि माझ्यासोबत काउंटरवर बसला. आम्ही दोघं ग्लासांकडे टक लावून बसलो. काही झालं नाही. फेस बसला, बियर मेली. ते समोर कुणी असताना पीत नाहीत, पाठ फिरवावी लागते, हे मी त्याला कसं पटवू? तो माझा हात धरून म्हणाला, "आई, तूच पितेस, आणि विसरतेस." मी आणि बियर! पण त्याच्या डोळ्यांत इतकी काळजी होती, की मी भांडले नाही. डॉक्टरने मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी केले. डॉक्टर थकला, मी नाही. तरी त्या दिवसापासून किरेची विक्रीची घाई वाढली.

तर मी जवळजवळ सही करायचं ठरवलं होतं. मेलेल्या माणसांसाठी जिवंत पोराला किती दिवस घोर लावायचा? हर्बीला, कोस्टाला, डेसला मनातल्या मनात सांगूनही टाकलं होतं, की बाबांनो, आता दुसरं दार बघा.

तुझा विषय मी इतका वेळ टाळला. तू जायच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर मागे राहिलास आणि न सांगता स्टुलं उचलून ठेवू लागलास. म्हणालास, "टाउन्सव्हिलला मुलीच्या अंगणात आंब्याचं झाड आहे, रात्का. खायला माणसं कमी पडतात." मला कळलं. मी म्हणाले, "मला आंबा बाधतो." वर त्रायचे खोकत होता. तू मान हलवलीस, शेवटचं स्टूल ठेवलंस आणि गेलास. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही, की मी तुझ्या जागेकडे पाहिलं नाही. त्रायचे असतानाही आणि गेल्यावरही. हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण तुझ्या जागेवर ग्लास मी कधी ठेवला नाही. तू जिवंत होतास. तिथे ठेवणं मला अभद्र वाटायचं.

गेल्या मंगळवारी माझा गुडघा धरला आणि नोरीनला पहाटे बोलवावं लागलं. नळ्या धुवायचा दिवस होता. नळीत राहिलेली बियर आधी काढून टाकावी लागते. ती ओतून टाकायचं सोडून नोरीनने ग्लास भरत नेले आणि काउंटरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने मांडले. तिला जागा माहीत नाहीत. मग ती मागे नळ्या धुवायचं औषधाचं पाणी करायला गेली. मी लंगडत खाली आले, तेव्हा सहा वाजून गेले होते. हर्बीचा रिकामा होता. कोस्टाचा आणि डेसचाही. सलीच्या जागेवरचा भरलेला, फेस बसलेला. सली आश्रमात आहे, रविवारीच मी त्याला सूप भरवून आले. बाकीचे सगळे तसेच, भरलेले.

खिडकीकडून दुसरा ग्लास मात्र रिकामा होता, आणि त्यातली कडी तिरपी होती. क्रेनवर तुझं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं, तेव्हापासून तू ग्लास कलता धरून प्यायचास. सबंध रात्रपाळीत तिरपी कडी दुसऱ्या कुणाची नव्हती. मी तो विसळला नाही. नोरीन म्हणाली, "अगं, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस? दे इकडे." मी तिच्या अंगावर ओरडले.

म्हणून हे पत्र, लिनो. फोन करता आला असता. पण तुझी मुलगी उचलेल आणि ती काही बोलायच्या आधीच तिच्या श्वासावरून मला कळेल. पत्र पोचेपर्यंत तरी तू आहेस. खरं सांगू? तो ग्लास पाहिला तेव्हा मला आधी आनंद झाला, भीती नंतर वाटली. त्या आनंदाची मला लाज वाटते, आणि तरी तो झाला. तू तिथे असशील, तर हे म्हातारीचं खूळ समज, हस, आणि मला चार शिव्या लिहून पाठव. मी त्याच दिवशी सही करीन, दार लावीन आणि बाधला तर बाधला म्हणून आंबा खायला येईन. उत्तर आलं नाही, तर किरेला नाही म्हणून सांगेन आणि जोवर हे पाय खाली येतात तोवर सहाला दार उघडीन. तुला फुटपाथवर उभं ठेवून मी पेनरिथला झोपू शकणार नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तुझ्या जागेचं स्टूल मागे सरकलेलं असतं. मी तिकडे पाठ करून बाकीच्यांचे भरते. तुझा भरत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत तुला ह्या बारमध्ये एक थेंब मिळणार नाही, मग तू इथे माझ्यासमोर उभा असलास तरी.

तुझीच,
रात्का